पळा, हरीआप्पा आला

२०२४ सालच्या फेब्रुवारीतली ही गोष्ट. थंडीने काढता पाय घेतला होता, पण सुमनबाईच्या अंगात अजून स्वेटर होता, कारण तिच्या मते होळी पेटल्याशिवाय स्वेटर पेटीत टाकायचा नसतो. शनिवारची सकाळ होती. नाशिकला इंदिरानगरच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात ती खाली पेपर पसरून मेथी निवडत होती आणि नात सृष्टी सोफ्यावर पाय वर घेऊन टीव्ही बघत होती. सृष्टी चौथीत, इंग्रजी शाळेत. सहामाहीला तिला मराठीत पन्नासपैकी एकोणीस पडले, तेव्हापासून तिच्या आईने, म्हणजे सुमनबाईची सून स्नेहलने, घरात कायदाच केला होता. कार्टून बघायचं तर मराठीत, नाहीतर टीव्ही बंद.

नवी मालिका लागली होती. हातात कंदील घेतलेली एक मुलगी खोल विहिरीत उतरत होती, एक मजला, मग दुसरा, मग तिसरा. सुमनबाईचं सगळं लक्ष मेथीच्या काड्यांत होतं. तेवढ्यात टीव्हीतली ती मुलगी ओरडली, "पळा, हरीआप्पा आला!"

सुमनबाईच्या हातातली काडी हातातच राहिली.

"काय म्हणाली गं ती?"

"हरीआप्पा. तो बघ, काळ्या झग्यातला. किल्ल्या वाजवत येतो."

"मागे घे जरा."

"आजी, आत्ता तर मजा येतीये."

"मागे घे म्हणते ना."

सृष्टीने नाराजीने मागे घेतलं. मुलगी पुन्हा तेच ओरडली. सुमनबाईने मान वळवली आणि गॅलरीत उन्हाला बसलेल्या नवऱ्याला हाक मारली. मल्हारीला अठ्ठ्याहत्तरावं लागलं होतं आणि डाव्या कानाने जवळजवळ संप पुकारला होता.

"अहो, ऐकलं का? हरीआप्पा आला."

"कोण आला? बसायला सांग. मी शर्ट घालून येतो."

सृष्टी हसून लोळायला लागली. सुमनबाई मात्र हसली नाही. कारण हरीआप्पा हे नाव साऱ्या जगात एकाच ठिकाणी होतं, आणि ते तिनेच ठेवलेलं होतं. तेही चुकून.

त्याचं असं झालं होतं. १९९१ साली मल्हारीने नाशिकच्याच द्वारका चौकाच्या मागच्या गल्लीत, राहत्या घराच्या पुढच्या खोलीत व्हिडिओ गेमची तीन यंत्रं मांडली. त्याआधी तो रेडिओ-टेप दुरुस्त करायचा. एक यंत्र मारामारीचं, एक गाड्यांचं आणि तिसरं मुंबईहून जुनं आणलेलं. त्या तिसऱ्याचं इंग्रजी नाव कोणाला उच्चारता येत नसे, म्हणून पोरं त्याला नुसतं 'विहीर' म्हणायची. कंदील घेऊन विहिरीत उतरायचं. उतरताना कंदिलातलं तेल कमी कमी होत जायचं. तेल संपत आलं की यंत्रातून घोगरा आवाज यायचा, आणि मागून काळ्या झग्यातला एक माणूस किल्ल्या वाजवत यायचा. त्याने गाठलं की खेळ खलास.

यंत्र ओरडायचं ते 'हरी अप, हरी अप.' सुमनबाई देवळ्याकडच्या खेड्यातली, चौथी शिकलेली. आतल्या खोलीत भाकऱ्या थापताना तिला भिंतीतून तो आवाज यायचा, आणि तिला वाटायचं की जो येतो आहे त्याचं नाव पुकारताहेत. एक दिवस ती पिठाच्या हातांनी बाहेर आली, तर एक पोरगा यंत्रापुढे नुसता गोंधळून उभा. ती म्हणाली, "अरे बघतोस काय? हरीआप्पा आला, पळ की!" पोरं पोट धरून हसली. पण आठ दिवसांत द्वारकेची सगळी पोरं तसंच म्हणायला लागली. ज्यांना इंग्रजी येत होतं तीसुद्धा.

हे सगळं ऐकून सृष्टी म्हणाली, "आजी, हरी अप म्हणजे लवकर कर."

"ते मला मागाहून कळलं बाई. तोवर त्याचा आप्पा झाला होता."

"मग हे कार्टूनवाल्यांना कसं कळलं? हे तर बाहेरच्या देशातलं आहे. तो जुना गेम आहे ना, त्याच्यावरून केलंय. चित्रं त्यांची, गोष्ट त्यांची. इकडे फक्त मराठीत बोलणं लिहितात."

"ते कोण लिहितं?"

"असतं कोणीतरी."

मल्हारी शर्टाची बटणं लावत आत आला होता. त्याला हकीकत मोठ्याने सांगावी लागली. तो म्हणाला, "दहा वर्षांत लय पोरं येऊन गेली आपल्याकडं. त्यातलाच असंल कुणी."

"असेल," सुमनबाई म्हणाली आणि मेथीकडे वळली. पण तिच्या मनात जे नाव आलं ते पोराचं नव्हतं, पोरीचं होतं. ते तिने ओठांवर येऊ दिलं नाही. गेली अठ्ठावीस वर्षं येऊ दिलं नव्हतं.

त्यांच्या दुकानात मुली येत नसत. पाटी काही लावलेली नव्हती, पण येत नसत. १९९५ च्या दिवाळीनंतर एका दुपारी समोरच्या कॉलनीतली अकरा वर्षांची मुलगी हातात स्टीलची वाटी घेऊन मागच्या दाराशी, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी राहिली. पाटबंधारे खात्यातले कारकून पगारे, त्यांची ही धाकटी, चैताली. "काकू, आईने विरजण मागितलंय." सुमनबाईने चमचाभर दही दिलं. दुसऱ्या दिवशी पोरगी पुन्हा हजर. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी सुमनबाई म्हणाली, "अगं, तुझ्या आईचं दही लागतं तरी का?"

"लागतं," पोरगी म्हणाली, आणि पडद्याच्या फटीतून पुढच्या खोलीकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "काकू, ती विहीर मला एकदाच खेळू द्या."

एकदाच म्हणता म्हणता रोजचं झालं. मुलांची शाळा दुपारची, हिची सकाळची, त्यामुळे दीड ते चार दुकान बहुधा रिकामं असे. तरी एखादा शाळा बुडवून आलेला असायचाच. म्हणून दोघींचा ठराव झाला. चैतालीने मागच्या दाराशी येऊन विचारायचं, "काकू, विरजण आहे का?" आत पोरं असली तर सुमनबाईने म्हणायचं, "आहे, पण आंबट आहे." म्हणजे परत जा. कोणी नसलं तर, "ये, गोड आहे." मग पोरगी सोड्याच्या बाटल्यांच्या क्रेटवर चढून उभी राहायची आणि यंत्राचा दांडा तिच्या हातात असा काही चालायचा की सुमनबाईची भाकरी तव्यावर करपायची. पोरांमधला सगळ्यात हुशार बाविसाव्या मजल्यापर्यंत पोचला होता. ही मार्चमध्ये सत्तावीसवर गेली. खाली अजून किती आहेत, कोणालाच माहीत नव्हतं.

त्याच आठवड्यात दोन पोलीस येऊन दटावून गेले होते. शाळांनी तक्रारी केल्या होत्या, पोरं बिघडतात म्हणून. मल्हारी घाबरला होता आणि सुमनबाई त्याच्याहून जास्त. अशात बुधवारी दुपारी साडेतीनला पुढच्या दारात पगारे उभे राहिले, ऑफिसच्याच कपड्यांत, घामाघूम.

"चैताली इथं आहे का?"

चैतालीने क्रेटवरूनच मागे वळून सुमनबाईकडे बघितलं आणि मान हलवली. नाही म्हणा.

सुमनबाई म्हणाली, "आहे. रोज येते. घेऊन जा." आणि भिंतीवरचं मोठं बटण खाली ओढलं. विहीर आक्रसून पांढरा ठिपका झाली आणि ठिपकाही गेला. पोरगी खाली उतरली, बाह्यांनी डोळे पुसत बापाच्या मागून निघून गेली.

त्यांनी विचारलं होतं एवढंच, की इथं आहे का. 'रोज येते' हे सुमनबाईने पदरचं घातलं.

पुढच्या आठवड्यात पगाऱ्यांच्या घराला कुलूप दिसलं. शेजारची नवसाबाई, जिला साऱ्या गल्लीच्या बातम्या गल्लीच्या आधी कळायच्या, जूनमध्ये सांगत आली, "ऐकलंस का सुमन? पगाऱ्यांनी बिऱ्हाड सुरगाण्याला नेलं. आणि मे महिन्यात पोरीचं लग्न उरकलं म्हणे."

"कोणत्या पोरीचं?"

"कोणत्या म्हणजे? तीच, तुझ्याकडं दही मागायला यायची ती."

सुमनबाईने पुढे विचारलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही. ती स्वतः चौथीत असताना गावातल्या चहाच्या हॉटेलापाशी रेडिओ ऐकायला थांबायची. कोणीतरी तिच्या बापाला जाऊन सांगितलं, तुझी पोर रोज हॉटेलाशी उभी असते. शाळा त्याच महिन्यात सुटली आणि पंधरावं लागता लागता अक्षता पडल्या. सांगणारा कोण होता ते तिला कधी कळलं नाही. पण 'रोज' हा शब्द तिच्या लक्षात होता, आणि तोच शब्द तिने दुसऱ्याच्या पोरीवर टाकला होता.

दुकान २००१ साली बंद झालं. यंत्रं गेली, गल्ली सुटली, मुलाचा फ्लॅट झाला. ही एक गोष्ट मात्र तिच्याबरोबर घर बदलत राहिली.

त्या शनिवारनंतर आठवडाभर घरातल्या भाजीत मीठ कधी जास्त, कधी कमी. मल्हारी म्हणाला, "आज वरणात मीठ टाकायचं राहिलं का हौस नव्हती?" तिने मिठाची बरणी त्याच्यापुढे ठेवली. पुढच्या शनिवारी मात्र मालिकेचा दुसरा भाग लागायच्या आधी ती स्वतःच सोफ्यावर येऊन बसली. सृष्टी म्हणाली, "आजी, तू पण?" सुमनबाई म्हणाली, "मला मराठीत किती मार्क पडतात बघते."

दुसऱ्या भागात विहिरीच्या भिंतीत एक छुपं दार होतं. कंदीलवाली मुलगी दारावर टकटक करते. आत कोणी म्हातारी असते, आणि दार उघडायचं तर खुणेचा शब्द लागतो. मुलगी इकडे तिकडे बघते आणि दाराला तोंड लावून विचारते, "काकू, विरजण आहे का?"

आतून आवाज येतो, "आहे, पण आंबट आहे."

सुमनबाई उठली. स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिली. हरीआप्पा पाचशे पोरांना माहीत होता. विरजण दोघींनाच.

सृष्टीने आईला जाऊन सांगितलं, "मम्मा, आजी कार्टून बघून रडतीये." स्नेहल कपडे वाळत घालायचे सोडून आली. आणि मग ओट्यापाशी उभ्या उभ्या सुमनबाईने सुनेला सगळं सांगितलं, वाटीपासून बटणापर्यंत. आजवर नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

स्नेहल बँकेत नोकरीला होती, तिला प्रत्येक गोष्टीचा कागद बघायची सवय. ती म्हणाली, "शेवटी नावं येतात आई. बघू या ना."

नावं यायला लागली की टीव्ही लगेच दुसरंच काही लावायला धावायचा. सृष्टीने दोनदा चुकवून तिसऱ्यांदा पकडलं. बारीक इंग्रजी अक्षरं होती. स्नेहल टीव्हीजवळ जाऊन वाचायला लागली. "मराठी संवाद... चैताली पगारे."

सृष्टीने पडदा तिथेच थांबवला. मग सुमनबाई म्हणाली, "आडनाव माहेरचंच आहे."

"हल्ली बायका बदलत नाहीत."

"पण तिचं लग्न तर ती बारा वर्षांचीही नव्हती तेव्हाच..."

"हे नवसाबाई म्हणाल्या. पत्रिका तुम्ही बघितली होती का?" स्नेहलने फोन काढून ते नाव शोधलं. "लिहू का तिला?"

"नको."

"का?"

"जगली, शिकली, नाव काढलं, एवढं कळलं ना? बास झालं. आता तिने मला बोलून दाखवलं की काकू, तुम्ही माझं असं असं केलंत, तर मी काय करू? ह्या वयात कुठं जाऊ?"

"अठ्ठावीस वर्षं पोटात ठेवलंस," दारातून मल्हारी म्हणाला. तो कधी येऊन उभा राहिला होता कोणाला कळलं नव्हतं, आणि नेमका आज त्याला सगळं ऐकू आलं होतं. "मी काय परका होतो?"

"तुम्ही दुपारी झोपलेले असायचा."

"झोपलेला माणूस इतक्या कुशी बदलत नसतो. ती पोरगी यायची ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तू मला सांगत नव्हतीस, म्हणून मी उठत नव्हतो." मग सुनेकडे वळून म्हणाला, "लिही गं तू. हिला विचारत बसशील तर माझा दुसरा कान जाईल तोवर."

स्नेहलने लिहिलं. तासाभरात उत्तर आलं. तिने वाचून दाखवलं, "द्वारकेच्या सुमनकाकू? मी पाथर्डी फाट्याला राहते. उद्या अकराला येऊ का?"

पाथर्डी फाटा म्हणजे रिक्षाने पंधरा मिनिटं. सुमनबाई कितीदा तिकडे भाजी आणायला गेली होती.

"येते म्हणालीये का येऊ का म्हणालीये?" तिने विचारलं.

"येऊ का, असं आहे."

"मग ठीक," सुमनबाई म्हणाली. का ठीक, ते तिलाही सांगता आलं नसतं.

रविवारी तिने सकाळपासून तीनदा साडी बदलली. पोहे भिजवले, मग पोहे काय करायचे म्हणून शिरा केला, मग दोन्ही केलं. मुलगा रविराज अंबडला कारखान्यात होता, त्याला रविवारीही पाळी होती. जाताना तो म्हणाला, "आई, मुलीकडचे बघायला येताहेत का?" आणि आईचा चेहरा बघून गुपचूप निघून गेला.

अकराला पाच कमी असताना बेल वाजली. दारात चाळिशीला टेकलेली बाई उभी होती. काखेत हेल्मेट, केस कापलेले, कपाळावर एक पांढरी बट, हातात द्राक्षांची पिशवी. सुमनबाईने तिच्या चेहऱ्यात अकरा वर्षांची पोरगी शोधली आणि तिला सापडली नाही. मग बाई आत येऊन उंबऱ्यापाशी चपला काढताना एका पायावर तोल सांभाळत उभी राहिली, आणि क्रेटवर उभी असायची ती तीच हे सुमनबाईला पटलं.

पाणी आलं, शिरा आला. मल्हारी बरोबर उजवा कान पुढे करून बसला. सृष्टी तर पाहुणीच्या इतक्या जवळ बसली की तिला चमचा उचलता येईना.

सुमनबाईने मनाशी सगळं नीट जुळवून ठेवलं होतं, आधी काय बोलायचं, मग काय. पण तोंडातून एकदम शेवटचंच बाहेर पडलं. "पोरी, मी त्यांना 'रोज येते' म्हणाले. ते म्हणायला नको होतं. खूप मारलं का गं तुला?"

चैतालीने चमचा खाली ठेवला. "कोणी?"

"तुझ्या बापाने."

"बाबांनी? मला?" ती एकेका चेहऱ्याकडे बघायला लागली, कोणी थट्टा करतंय का म्हणून. "काकू, बाबांनी उभ्या जन्मात आम्हाला बोट लावलं नाही."

"मग ते शोधत का आले होते? ऑफिस सोडून?"

"बदलीचा हुकूम आला होता त्या दिवशी. सुरगाण्याला. आठ दिवसांत हजर व्हायचं होतं. आईला सांगायला घरी आले, आई म्हणाली, चैतालीलाही घेऊन या, एकदमच सांगू. ती विहिरीवर असेल."

"आईला माहीत होतं?"

"आईला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ती म्हणायची, घरात एकदा दही लागलं की विरजण घरचंच असतं. ज्या घराला रोज विरजण मागावं लागतं, तसलं घर मी अजून बघितलं नाही."

मल्हारीने मांडीवर थाप मारली. सुमनबाईच्या तोंडावर मात्र अजून काही उमटेना. उमटू द्यावं की नाही हे तिला ठरवता येत नव्हतं.

"पण तू रडत गेलीस. मी बघितलं."

"रडणार नाही तर काय? सत्ताविसाव्या मजल्यावर होते मी. कंदिलात तेल शिल्लक होतं. जिना समोर दिसत होता. आणि तुम्ही बटण बंद केलंत." चैतालीचा आवाज अठ्ठावीस वर्षांनीही जरा चढला. "काकू, खरं सांगू? त्याचा राग मला अजून आहे. मी आईला म्हणायचे, त्या काकूंना कळत नाही का, यंत्र असं मधेच बंद करत नाहीत."

"आणि तुझे बाबा? 'रोज येते' ऐकून काहीच म्हणाले नाहीत?"

"म्हणाले ना. कॉलनीच्या फाटकापर्यंत गप्प चालले. मग म्हणाले, रोज? मग किती मजले उतरलीस? मी म्हटलं, सत्तावीस. म्हणाले, एकूण किती आहेत? मी म्हटलं, अठ्ठावीस असतील, कोणी गेलेलं नाही. मग ते थांबले. मागे वळून तुमच्या दुकानाकडे बघितलं आणि म्हणाले, मग आधी सांगायचंस. दोन मिनिटं मी थांबलो असतो की."

हे ऐकलं आणि सुमनबाई हसली. आधी नुसता श्वास बाहेर पडला, मग पदर तोंडाला लागला, मग खांदे हलायला लागले. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं तेव्हा सृष्टीने पुन्हा आईकडे बघितलं, पण या खेपेला स्नेहलनेच तिला गप्प राहा अशी खूण केली. अठ्ठावीस वर्षं ती ज्या माणसाला हातात काठी घेतलेला बघत आली होती, तो उन्हात रस्त्यात उभा राहून विहिरीचे मजले विचारत होता.

"आणि लग्न?" थोड्या वेळाने तिने विचारलं. "मे महिन्यात पगाऱ्यांच्या पोरीचं लग्न झालं, असं नवसाबाई म्हणाली."

"झालं की. ताईचं. तेवीस वर्षांची होती ती, दवाखान्यात नर्स होती. सगळ्या कॉलनीला पत्रिका दिली होती आम्ही. नवसाबाईंना पण."

"ती पत्रिका वाचायची नाही," मल्हारी म्हणाला. "तिला वाचायची गरज नसायची. आतून कळायचं."

चैतालीने सांगितलं, ती सुरगाण्याच्या शाळेत दहावीपर्यंत शिकली, मग पुण्याला कॉलेज, मग पुन्हा नाशिक. लग्न केलं नाही. करायचं नव्हतं म्हणून, दुसरं काही कारण नाही. चौदा एप्रिलला तर ते सगळे दरवर्षी नाशिकला यायचे, मिरवणूक द्वारकेवरून जायची. "तुमच्या गल्लीच्या तोंडाशी मी दरवेळी डोकवायचे. शटर खाली असायचं."

त्या दिवशी गर्दी म्हणून मल्हारी शटर ओढून ठेवायचा. सुमनबाई आतच असायची. ढोल ऐकू यायचे. तिने चैतालीच्या ताटलीत आणखी शिरा वाढला.

मग सृष्टीने आपला इतका वेळ दाबून ठेवलेला प्रश्न विचारला. "त्यांनी तुम्हाला हरीआप्पा ठेवू कसं दिलं?"

"कुठं ठेवू देत होते? इंग्रजीत त्याचं नाव पहारेकरी अशा अर्थाचं आहे. मराठीत पहारेकरीच लिहा म्हणाले. मी म्हटलं, पहारेकरी आला म्हटल्यावर कोण पळेल? लोक उलट विचारतील, इतका वेळ कुठं होतास? पंधरा दिवस भांडण चाललं. शेवटी त्यांच्या एका साहेबाच्या लहान मुलीला दोन्ही आवाज ऐकवले. ती हरीआप्पाला घाबरली. मग काम झालं."

"आणि शेवटच्या मजल्यावर काय आहे?"

"ते मला स्वतःला गेल्या वर्षी कळलं, हे काम आलं तेव्हा. सत्तावीस वर्षं थांबले मी. तू सहा शनिवार थांब."

जाताना चैताली दारात हेल्मेट घालत होती तेव्हा सुमनबाई म्हणाली, "ते बटण. ते चुकलंच माझं."

"चुकलंच," चैताली म्हणाली. "पण शिरा चांगला झालाय." आणि जिना उतरून गेली.

आठवा भाग एप्रिलमध्ये लागला तेव्हा चैताली याच सोफ्यावर बसून बघायला आली. मालिका मराठीत बरी चालली, फार गाजली नाही. दुसरं पर्व करायचं की नाही ते बाहेरच्या लोकांनी अजून ठरवलेलं नाही. चैतालीला मात्र त्या कामावरून आणखी दोन मालिकांचं काम मिळालं, त्यातली एक समुद्रातल्या माशांची आहे आणि माशांची नावं विचारायला ती मधूनमधून सुमनबाईला फोन करते. सुमनबाई देवळ्याची, तिला माशांची नावं काय माहीत, पण ती काहीतरी सांगते.

पगारे साहेब २०१७ साली गेले. निवृत्तीनंतर ते कॉलनीतल्या मुलांच्या शिकवण्या फुकट घ्यायचे. चैतालीची आई तिच्याजवळच असते, आणि मे महिन्यात ती व सुमनबाई पहिल्यांदा एकमेकींना नीट भेटल्या. चैतालीची ताई पेठच्या दवाखान्यातून मुदतीआधीच निवृत्ती घेऊन घरी बसली आहे. नवसाबाई २००९ मध्येच वारली. तिचं चुकलेलं तिला सांगायचं राहून गेलं, आणि सांगितलं असतं तरी तिने मानलं नसतं. विहिरीचं यंत्र २००१ मध्ये मालेगावच्या एका माणसाने नेलं होतं, त्याचं पुढे काय झालं ते कळलं नाही. सृष्टीला वार्षिक परीक्षेत मराठीत पन्नासपैकी एकतीस पडले. निबंधात तिने 'लवकर कर' असं लिहायच्या जागी भलतंच काही लिहिलं म्हणून बाईंनी दोन गुण कापले. मल्हारीने डाव्या कानाला मशीन बसवून घेतलं, आठ दिवस वापरलं आणि डब्यात ठेवून दिलं.

सुमनबाई आता दुपारी जेवण झालं की तासभर झोपते. लग्न होऊन आल्यापासून ती कधी दुपारची झोपली नव्हती.